काताच्या मागे मागे, राईपर्यंत

कात कशाचा होतो हे मला पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं, आणि अर्धं आयुष्य मी तो विकत घेत होतो. ठाण्याच्या आमच्या कंपनीत दंतमंजन तयार होतं, काही चूर्णंही. मी खरेदी खात्यात. चिपळूणकडून पोती यायची, मी नमुन्याचा तुकडा जिभेवर ठेवायचो, तुरटपणा बघायचो आणि सही करायचो. पोत्याच्या पलीकडे काही असेल असं कधी मनात आलं नाही.

दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं गेली असतील. आमचं मंजन घेणाऱ्या परदेशातल्या एका दुकानदाराने विचारणा केली : तुमच्या मालापायी कुठलं रान किती कमी होतं, त्यातलं काय काय नाहीसं होतं, ते मुळापासून डब्यापर्यंत मोजून कळवा. साहेबांनी टेबलाभोवती सगळ्यांकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे. "तुम्ही तिकडे महिनाभर राहू शकाल. घरी वाट बघणारं कुणी नाही तुमची." त्यांच्या मनात वाईट नव्हतं. बायको गेल्यापासून ते खरंच होतं.

वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांकडे चार दिवस जाऊन मी मोजणी शिकून घेतली. दोरीने चौकोन आखायचा, आतल्या प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवर घेर घ्यायचा, खूण करायची, नाव लिहायचं. एक चौकोन तोडलेल्या रानात, एक कधीच न तोडलेल्या. दोहोंमध्ये जो फरक दिसेल तेवढं नुकसान आपण केलेलं. ऐकायला सोपं वाटलं.

भट्टी

जानेवारीत चिपळूणला उतरलो. देशावरचा माणूस मी, थंडी म्हणजे बोचरी हीच माझी समजूत. इथली थंडी ओली आणि मऊ, पहाटेच्या धुरासारखी जमिनीलगत बसून राहणारी. बशीरभाईंची भट्टी गावाबाहेर ओढ्याकाठी होती. त्यांच्याशी फोनवर मी कितीतरी वर्षं बोलत होतो, पण समोर कधी पाहिलं नव्हतं. आवाजावरून जाडजूड माणूस वाटायचा. निघाले काटकुळे, पांढरी टोपी, लुंगी वर खोचलेली. मूळचे दापोलीकडच्या बुरोंडीचे. दर गुरुवारी संध्याकाळी एस.टी. धरून घरी जायचे आणि शुक्रवारची नमाज गावच्या मशिदीत पढून शनिवारी परत यायचे.

"तुमी म्हणजे ते भाव पाडणारे," हात हातात घेऊन म्हणाले. "फोनवर लई कडक वाटायचाव. बसा, चाय घ्या."

खैराचं लाकूड आणतात, वरचं पांढरं लाकूड तासून टाकतात, आतल्या लाल गाभ्याच्या ढलप्या काढतात, आणि त्या हांड्यांतून उकळत राहतात. रस आटून आटून काकवीसारखा झाला की थंडाव्याला ठेवायचा. मग तो गोठतो, दाबून त्याच्या वड्या पाडतात. हे सगळं मी लिहून घेतलं. मला अडवलं ते भट्टीमागच्या लाकडांच्या ढिगाने. तो ढीग खैराचा नव्हता. ऐन, किंजळ, बेहडा, जे मिळेल ते. हांड्यात शिजतं त्याच्या कितीतरी पट हांड्याखाली जळत होतं. आमच्या ऑफिसात काताचा हिशेब खैरापाशी संपत होता. जळण कुणी धरलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

तोडलेल्या रानातल्या पहिल्या उतारावर मी दोऱ्यात ओवलेले कागदी बिल्ले झाडांना बांधले. दुसऱ्या दिवशी गेलो तर बिल्ले गायब, दोरे लोंबताहेत, आणि शेळ्यांचा एक कळप माझ्याकडे कृतज्ञतेने बघतोय. बशीरभाई पोट धरून हसले. मग गोदामातून लाल रंगाचा एक डबा आणि कुंचला काढून दिला. "हा लावा. शेळी खात नाय नि पावसाला जात नाय." फळीवर तसलेच आणखी डबे ओळीने होते. ते कशाला लागतात, हे मी विचारलं नाही. विचारायची मला सवयच नाही. विचारलं की बोलत बसावं लागतं.

राई

न तोडलेलं रान शोधणं कठीण गेलं. शेवटी पोफळीच्या पुढे, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी आत शिरलेल्या एका गावात देवाची राई आहे असं कळलं. गावाचं नाव लिहीत नाही. पोफळीच्या वीजघरातून निघालेल्या मोठाल्या तारा त्या गावावरून जातात आणि गावातले दिवे संध्याकाळी मेणबत्तीएवढा उजेड देतात. पुरुष निम्मे मुंबईला. उरलेल्यांत म्हातारे, बायका, शाळेची पोरं.

राईचे पुजारी धोंडूकाका गुरव. त्यांच्याच पडवीत माझी सोय झाली. राईत शिरायचं तर देवाला विचारावं लागेल म्हणाले. आमच्याकडे देशावर माणूस ठरवून मोकळा होतो आणि मग देवाला नवस बोलतो; इथे आधी विचारतात. धोंडूकाकांनी पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि आम्ही खाली बसून राहिलो.  उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बऱ्याच वेळाने उजवी सुटली आणि काकांनी मान हलवली. "जावा. पण पायात काय घालायचं नाय, कमरेचा पट्टा काढून ठेवा, आणि पान पडलेलं असलं तरी उचलायचं नाय."

"उचलणार नाही. फक्त खूण करीन."

"कसली?"

मी डबा दाखवला. त्यांनी झाकण उघडून बघितलं. "लाल? लाकूडवाले लाल लावतात वो."

त्यांची फुली असते, माझे आकडे असतील, असं मी सांगितलं. त्यांना ते फारसं पटलं नाही. मुंबईला राहणाऱ्या एका माणसाची जागा राईला लागून होती. तिथलं लाकूड बशीरभाईंनी घेतलं होतं आणि तोडायला घाटावरची नवी टोळी येऊन उतरली होती. "मग येवढं करा," काका म्हणाले, "जाताना त्यांच्या मुकादमाला सांगा, वरचं लाल तुमचं नाय म्हणून. परकी माणसं हायत, त्यांना राई म्हणजे काय ते ठाव नाय. तुमी ऑफिसवाले, तुमचं ऐकतील."

मी हो म्हणालो.

राईतले ते दिवस मला अजून नीट सांगता येत नाहीत. बाहेरच्या उतारावर सगळी झाडं एका जाडीची, एका उंचीची, पुन्हा पुन्हा तोडून फुटलेली. आत एकही झाड दुसऱ्यासारखं नव्हतं. गारंबीची वेल माणसाच्या मांडीएवढी जाड, या झाडावरून त्या झाडावर अशी गेलेली की कोण कुणाला धरून आहे ते कळू नये. ऊन जमिनीपर्यंत यायचंच नाही. कधीतरी वरून धनेशाची जोडी जायची, त्यांच्या पंखांचा आवाज खाली ऐकू यायचा, जुना भाता चालवल्यासारखा. अनवाणी पायांना पानांचा थर गार लागायचा. मी मोजायचो, आकडा रंगवायचो, पुढे सरकायचो. दिवसभरात एक शब्द बोलावा लागत नव्हता. बायको गेल्यावर घरात जी शांतता आली ती मला भिववायची. इथली तशी नव्हती. मला तिथेच राहावंसं वाटलं, हे आता कबूल करतो.

दुपारी काकूंकडून नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी. त्या विचारायच्या, मुंबईत एवढ्या झाडांचं तुम्ही करणार काय? मोजणार, मी म्हणायचो. मोजून? मग मी भाकरीकडे बघायचो.

मुकादमाची खोप

मोजणी झाल्यावर मी चिपळूणला निघालो. पुढे ट्रक, डिझेल, ओढ्यात सोडलेलं भट्टीचं पाणी, असं बरंच मोजायचं राहिलं होतं; ते करून राईकडे एकदा परत यायचं होतं. पायवाटेवरून खाली उतरताना डाव्या हाताला घाटावरच्या टोळीची खोप दिसली. वाटेपासून फार तर हाक ऐकू जाईल एवढी दूर. चूल पेटलेली, माणसं जेवायला बसलेली. एकाने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मी थांबलो. खरंच थांबलो होतो. मनात आलं, आता गेलो तर बसा म्हणतील, कुठले, काय करता, किती पोरं. चहा करतील, एस.टी. चुकेल. अनोळखी माणसांत जाऊन बोलणं मला जन्मभर जड गेलं आहे. येताना सांगू, असं म्हणून मी पुढे निघालो.

एवढंच केलं मी. म्हणजे काहीच केलं नाही.

आठवडाभराने परत आलो. राईच्या कडेला पोचायच्या आधीच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आत उजेड होता. तीन झाडं आडवी पाडली होती, एक बेहडा, एक किंजळ, एक सातवीण. बेहड्याबरोबर गारंबी ओढली गेली होती आणि वरचं छप्पर फाटून ऊन सरळ जमिनीवर पडलं होतं. जिथे ऊन पडलं होतं तिथली पानं सुकून वळायला लागली होती. किंजळीचं खोड जागेवर नव्हतं, ट्रक ते घेऊन गेला होता. उरलेल्या दोघांच्या सालीवर माझे आकडे स्पष्ट दिसत होते.

देवळापुढे गाव जमलं होतं. टोळीला अर्ध्यात अडवून हाकलून दिलं होतं. शिवराम मानकरी म्हणजे गावातले मोठे, त्यांच्या शब्दावर गाव चालतं. ते म्हणत होते, बशीरचा हा देव नाही, त्याला काय फरक पडतो, लाकूड दिसलं की झालं. दुसरा कुणी म्हणाला, बशीर तसा नाय वो, त्याच्या बापापासून येतोय. मग धोंडूकाका माझ्याकडे वळले. त्यांच्याकडेही लोक नीट बघत नव्हते, कारण मला आत सोडायचा कौल त्यांनीच लावला होता.

"साहेब, तुमी मुकादमाला सांगितलंव ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "सांगितलं होतं."

इतक्या सहज आलं तोंडातून, जणू तसंच घडलं होतं. काकांच्या चेहऱ्यावरचा ताण मला सुटलेला दिसला. आणि शिवराम मानकरी म्हणाले, "म्हणजे सांगूनसुद्धा तोडलान." तिथेच ठरलं. बशीरभाईंना यापुढे गावातली एक काडी द्यायची नाही, आणि आजूबाजूच्या गावांनाही तसं कळवायचं.

पाडलेली दोन खोडं तशीच राहू द्यायची, असंही ठरलं. राईतलं लाकूड कुणी चुलीत घालत नाही. मी हळूच विचारलं, तिसऱ्याचं काय. कुणाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. किंजळ भट्टीखाली गेली असणार, आणि त्या आठवड्याचा कात आमच्या कंपनीच्या पोत्यांत.

बुरोंडी

चिपळूणला भट्टी बंद होती. गुरुवार नसतानाही बशीरभाई घरी गेले होते. मीही दापोलीवरून बुरोंडीला गेलो. का ते स्वतःला सांगितलं नाही. राहिलेली माहिती घ्यायची आहे, असं म्हणत राहिलो.

उतारावर माडांत बसलेलं गाव, खाली होड्या, मासळी वाळत घातलेली, तिचा वास घराघरांत. मला मासळीचा वास सोसत नाही. इथे मात्र पहिल्या तासानंतर तो जाणवेनासा झाला. बशीरभाईंचा भाऊ आखातात असतो, घरात वयस्कर आई, बायको, भावजय. आईने माझं नाव, गाव, जात काही न विचारता पाट मांडला. तांदळाची भाकरी, बांगड्याचं सालण आणि नारळाच्या रसाबरोबर वाफवलेली सांदणं. "आमच्या बशीरच्या फोनमधले साहेब हे," त्यांनी सुनेला सांगितलं. 

बशीरभाई रागावलेले नव्हते. ते गोंधळले होते. मुकादम कुराणावर नाही पण आपल्या देवावर हात ठेवून सांगतोय की कुणी काही बोललं नाही, असं ते म्हणत होते. "नि तुमी तर सांगितलाव. म्हणजे तो खोटा. काढून टाकला त्याला. सगळी टोळी घाटावर परत पाठवली, भर हंगामात. बायकापोरं व्हती त्यांची. पण काय करू? माझ्या बापाने त्या राईवरून ट्रक नेताना टोपी काढलेली मी बघितलीय. नि गावाने आता मलाच..." 

जेवण झाल्यावर आम्ही खाली किनाऱ्याला गेलो. ओहोटी होती. वाळूवर होड्या कलंडून पडल्या होत्या. एका होडीच्या सावलीत बसलो आणि मी सांगितलं. खोप, चूल, वर झालेली ती मान, एस.टी. आणि देवळापुढे बोललेलं. सांगायला एवढासा वेळ लागला. मला वाटत होतं की संध्याकाळ होईल.

बशीरभाई मग उठले, पाण्यापर्यंत गेले, हात धुतले आणि परत आले.

"चाय नको म्हणून नाय गेलाव?"

"हो."

"चाय नको व्हती तर नको म्हणायचं," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "नको म्हणायचं नुसतं."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. "हे मला सांगून काय उपयोग? मी इथं बुरोंडीत ऐकलं, समुद्राने ऐकलं. जिथं खोटं बोललाव तिथं जाऊन सांगा. मी येतो बरोबर. पण मी आत यायचा नाय, बाहेर उभा ऱ्हायन."

वर घरी आलो तर आईने वाटेसाठी सांदणं बांधून ठेवली होती. त्यांना काही ठाऊक नव्हतं. बशीरभाईंनी ती पुरचुंडी माझ्या हातात दिली आणि दुसरीकडे बघत राहिले.

पुन्हा राई

दापोलीपासून पोफळीपर्यंत आम्ही शेजारी बसून बोललो नाही. मला शांतता आवडते असं मी नेहमी म्हणत आलो. ती शांतता मला आवडली नाही.

धोंडूकाकांना मी आधी एकट्याला सांगितलं. ते पडवीत खाली बसले. म्हणाले, "म्या तुमच्या भरवशावर कौल लावला व्हता." मग उठून माणसं बोलवायला गेले. काकू आतून बाहेर आल्या नाहीत.

कोकणात गाऱ्हाणं घालतात. गावाचं जे काही असेल ते गुरव देवापुढे मोठ्याने मांडतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं होकार भरतात. माझं मीच देवापुढे बोलणार होतो, पण काका म्हणाले, तसं नसतं, तुम्ही मला सांगायचं, मी त्याला सांगणार. म्हणून मी एकेक वाक्य त्यांच्या कानाशी बोललो आणि त्यांनी ते गावापुढे आणि देवापुढे मोठ्याने म्हटलं. माझं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना कळलं, की त्यात लपायला कुठे जागाच नाही.

"बा देवा म्हाराजा, ह्यो ठाण्याचा माणूस तुझ्या पायाशी आलाय..."

"व्हय म्हाराजा," माणसं म्हणाली.

"ह्याने तुझ्या झाडांना लाल रंग लावलान, नि सांगतो म्हणून सांगितलान नाय..."

"व्हय म्हाराजा."

"नि चारचौघांत सांगितलं म्हणून खोटं बोललान. त्या खोट्यापायी बशीरवर आळ आला, घाटावरच्या माणसांच्या पोटावर पाय आला..."

या वाक्याला कुणी आवाज दिला नाही. शिवराम मानकरी जमिनीकडे बघत होते. काका हात जोडून थांबून राहिले. गाऱ्हाण्यातलं वाक्य होकाराशिवाय पुढे सरकत नाही.

तेव्हा बाहेरून, जांभ्याच्या पायऱ्यांखालून, एकच आवाज आला. "व्हय म्हाराजा." बशीरभाईंचा. लहानपणी बापाबरोबर येऊन हजारदा ऐकलेलं, सवयीने तोंडातून निघालेलं. कुणीतरी मागे खुदकन हसलं. शिवराम मानकऱ्यांनी मान वर केली, पायऱ्यांकडे बघितलं, आणि जड आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा." मग बाकीचे.

बशीरभाईंवरची बंदी तिथेच उठली. मुकादमाला बोलावून आणायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. तो परत आला की नाही मला माहीत नाही. मी विचारायला हवं होतं. मला शिक्षा अशी कुणी दिली नाही. उरलेल्या झाडांवरचे आकडे पुसायची परवानगी मी मागितली. कौल लावला आणि उजवी पाकळी पडली. रॉकेल चालणार नव्हतं, लोखंड चालणार नव्हतं. नारळाच्या सोडणाने आणि ओढ्याच्या पाण्याने मी दोन दिवस घासत होतो. वरचा रंग निघाला. सालीच्या भेगांतला निघाला नाही. बशीरभाईंनी खरंच सांगितलं होतं, तो पावसाला जात नाही. राईत सगळीकडे पूर्वीसारखं अंधारून होतं, फक्त त्या एका जागी ऊन. तिथे आता रान माजेल, काका म्हणाले, उन्हात वाढणारं, बाहेरच्यासारखं.

निघताना काकूंनी भाकरी दिली. उंबऱ्यातूनच, आणि आत वळल्या. खोपीची जागा रिकामी होती, चुलीचे तीन दगड तेवढे राहिले होते. मी वाट सोडून तिथपर्यंत गेलो आणि थोडा वेळ उभा राहिलो.

अहवाल लिहिला. न तोडलेल्या रानाच्या रकान्यात मोजणीचे आकडे होते, त्यांच्याखाली लिहिलं की ही स्थिती मोजणीवेळची असून पुढे मोजणीमुळे तीन झाडं पडली, मोजणारा मी. साहेबांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, हे शेवटचं लिहायलाच हवं का. मी हो म्हणालो. पुढे अहवाल तसाच परदेशी गेला की त्यातून ती ओळ काढली, हे मला कुणी सांगितलं नाही. तो विषय नंतर दुसऱ्या खात्याकडे दिला.

किंजळीच्या जाळावर शिजलेला कात कुठल्या डब्यांत गेला हे मोजायची काही पद्धत नाही. मी आमचंच मंजन वापरतो, वर्षानुवर्षं. सकाळी बोटावर घेतलं की तोंड तुरट होतं, आणि न ठरवता ते गाऱ्हाणं मनात सुरू होतं, धोंडूकाकांच्या आवाजात, पहिल्या वाक्यापासून. प्रत्येक वाक्याशी ते थांबतं. घरात दुसरं कुणी नसल्यामुळे व्हय मलाच म्हणावं लागतं.